थंडीतलं वराहपालन: रात्री बांधलेलं गोणपाट सकाळी सोडा

निफाड पट्ट्यात आणि विदर्भात रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की शेडला गोणपाट आणि ताडपत्री चढते. ते बरोबरच आहे. घोळ होतो सकाळी. ऊन डोक्यावर आलं तरी गोणपाट तसंच बांधलेलं असतं, आणि कित्येक शेडमध्ये ते संक्रांतीपर्यंत सुटत नाही. दूध तुटल्यावर पंधरा-वीस दिवसांत पिल्लं लंगडायला लागतात, धापा टाकतात, पटापट जातात. माझ्या पाहण्यात अशी मर बहुतेक वेळा कोंडलेल्या शेडमध्येच झाली आहे.

या मरीचं मूळ पिल्लाच्या नाकात आहे. जन्मताच आईच्या अंगावरून, श्वासातून आणि जमिनीवरून नाना जातींचे जिवाणू तिथे बस्तान बसवतात: मोरॅक्सेला, रोथिया, स्ट्रेप्टोकॉकस, मायकोप्लाझ्मा. ग्लासर रोगाचा जिवाणू ग्लेसरेला पॅरासुइस हाही त्यांच्यातलाच. धडधाकट डुकराच्या नाकातही तो सापडतो. चिकातून मिळालेली ताकद अंगात असते तोवर पिल्लाची त्याच्याशी थोडीथोडी ओळख होते आणि स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होते. नाकातली ही गर्दी विरळ झाली, त्यात चिकाची ताकदही ओसरली, की त्याचे घातक वाण रक्तात उतरतात. मग सांधे, छाती, पोट आणि मेंदूचं आवरण सुजतं.

स्पेनमधल्या संशोधकांनी 2016 साली दूध तोडण्याच्या वयातल्या पिल्लांची नाकं तपासली. पुढे ज्या फार्मवर ग्लासर झाला, तिथल्या नाकांत जिवाणूंची विविधता कमी होती. 2019 मध्ये त्यांनी जन्मानंतर सरसकट दिली जाणारी प्रतिजैविकं बंद करून पाहिली. विविधता वाढली, पिल्लंही सुधारली.

आता गोणपाटाचा संबंध. मूत्र आणि शेण एकत्र झालं की अमोनिया सुटतो, आणि पिल्लू तर जमिनीला नाक लावूनच झोपतं. हा वायू नाकाच्या अस्तरावरचे बारीक रोम जाळतो. उघड्या पडलेल्या अस्तरावर बोर्डेटेला आणि पाश्चुरेला हे जिवाणू चिकटतात. शिंका, नाकातून रक्त आणि वाकडा होत जाणारा मुस्कट ही त्यांचीच करणी. अमोनियाचं प्रमाण थोडं असलं तरी वाढत्या डुकरांच्या नाकातली जिवाणूंची विविधता घटते, असं चीनमधल्या 2019 च्या प्रयोगात दिसलं.

मोजायला यंत्र नको. भल्या पहाटे, गोणपाट सोडण्याआधी, आत जाऊन उकिडवे बसा आणि पिल्लाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साधारण 20-25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) घरात आहे. तो 10 च्या आत हवा. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक मरतं, म्हणून शेजाऱ्याला आत न्या. पिल्लांच्या डोळ्यांखाली काळसर ओघळ दिसले तर मी तपासत बसत नाही, थेट वारा मोकळा करायला सांगतो.

सकाळी नऊपासून चार-पाचपर्यंत उन्हाच्या बाजूचं गोणपाट पूर्ण सोडा. रात्रीही छपराखालची वीतभर पट्टी उघडी हवी. झोत फक्त पिल्लांच्या अंगावर येऊ नये, म्हणून खालचे दोन-अडीच फूट घट्ट बांधा. ऊब द्यायची ती पिल्लांच्या कोपऱ्याला. सगळी शेड कोंडून ती मिळत नाही.

वास मारतो म्हणून ओल्या शेणावर चुना टाकू नका. चुन्याने अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या कप्प्यात लावा.

दुकानदार या दिवसांत दोन गोष्टी गळ्यात मारतो: जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाला टोचायचं लांब असराचं प्रतिजैविक, आणि ‘श्वसनासाठी’ महागडी पावडर. आजार नसताना टोचलेलं औषध नाकातले निरुपद्रवी रहिवासीही मारतं. पावडरीच्या पैशात दोन महिन्यांचं तूस येईल. कोलिस्टीन हे प्रतिजैविक असलेलं काही देत असेल तर सरळ परत करा. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर 2019 पासून बंदी आहे.

बाकीची कामं:
- चीक: पहिल्या सहा तासांत, प्रत्येक पिल्लाला
- नाळ: टिंक्चर आयोडीन
- लोह: तिसऱ्या-चौथ्या दिवशी 200 मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत
- शेकाचा कोपरा: पहिला आठवडा 32-34 अंश, पुढे दर आठवड्याला दोन अंश कमी
- अंथरूण: कोरडं तूस किंवा पेंढा, ओलं झालेलं रोज बाहेर
- दूध तोडणं: 42 दिवसांच्या आत नको
- हॉटेलचं उष्टं: उकळूनच
- क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस (आफ्रिकन हा वेगळा रोग): सरकारी दवाखान्याच्या वेळापत्रकाने

दूध तोडताना मादी हलवा, पिल्लं आठवडाभर त्याच कप्प्यात राहू द्या. चार विणींची पिल्लं त्याच दिवशी एकत्र केली, वर रात्रभर शेड कोंडली, की आठवड्याभरात खोकला येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

ताप 40.5 अंश सेल्सिअसच्या वर, मागच्या पायाचा सांधा गरम आणि सुजलेला, किंवा पिल्लू कुशीवर पडून पाय झाडतंय, असं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. औषध आणि मात्रा तेच ठरवतील. मेलेलं पिल्लू पुरायच्या आधी शवविच्छेदन मागा. छाती-पोटात पिवळट जाळीदार थर सापडला तर ग्लासरचा दाट संशय. लहान-मोठी सगळीच जनावरं मरायला लागली आणि कातडी लाल-जांभळी दिसली तर आफ्रिकन स्वाइन फिव्हर धरून चाला. कळपातून एकही जनावर विकू नका, शव उघडू नका आणि लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा.