आधी तोंड बघा, मग बिट घ्या

सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी आणली तेव्हा तिच्या तोंडात काटेरी लगाम होता. पुण्याजवळच्या मांजरी गावात ट्रकमधून उतरवून तो काढला, तर ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरे वण. असला लगाम तुमच्याकडे असेल तर आजच भंगारात टाका. काटे, गाठी असलेल्या बिटला (म्हणजे लगामाच्या तोंडात बसणाऱ्या धातूच्या दांडीला) १९६५च्या सरकारी नियमांतही मनाई आहे.

जुन्या मराठीत ज्याला कडियाळं म्हणत, त्याला आता तबेल्यात सगळे बिटच म्हणतात. मी कॅम्पातल्या एका दुकानात गेलो आणि 'सगळ्यात मऊ द्या' म्हणालो. दुकानदारानं अंगठ्याएवढं जाड, मध्ये एकच सांधा असलेलं स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेलं साधं बिट, दिलं. जाड तेवढं मऊ, असं मीही ऐकून होतो. पुढचे तीन आठवडे घोडी तोंड वासून मान झटकत राहिली आणि मी तिला हट्टी म्हणत राहिलो.

शेवटी घोड्यांची देखभाल करणारे आमचे मोतद्दार मामा म्हणाले, "दादा, इथं बोट घाला."

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते, बिट तिथंच बसतं. घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहून ओठाच्या कोपऱ्यातून तिथं एक बोट अलगद सरकवायचं (नराला त्या जागेत सुळा असतो, जपून). तोंड मिटलेलं असताना जीभ आणि टाळू यांच्यात बोट किती दबतं, ते बघायचं. आमच्या घोडीच्या तोंडात माझं बोट चेपून निघालं. जीभ मांसल, टाळू खाली. तिथं जाड लोखंड मावणार कुठं? पातळ बिट कमी जागेत जास्त टोचतं हे खरं, पण जागाच नसेल तर जाड बिट दिवसभर जीभ दाबून धरतं. आता तिला १४ मिलिमीटरचं बिट आहे.

एका सांध्याचं बिट लगाम ओढला की अडकित्त्यासारखं मिटतं आणि काही घोड्यांच्या टाळूला सांधा लागतो. दोन सांधे आणि मध्ये बदामाएवढा गोल तुकडा असला तर जिभेवर ते सपाट बसतं. घेताना मधला तुकडा हातात फिरवून बघा. डॉक्टर ब्रिस्टल नावाचं बिट तसंच दिसतं, पण त्याची मधली पट्टी तिरकी असते आणि तिची कड जिभेत रुतते.

मापासाठी सुतळीच्या एका टोकाला गाठ मारा. गाठ एका ओठाच्या कोपऱ्याशी धरून सुतळी तोंडातून आडवी घ्या, दुसऱ्या कोपऱ्याशी खूण करा. आमचं माप साडेअकरा सेंटिमीटर भरलं. दोन्ही बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा सोडून ५ इंची बिट घेतलं. बिट सरळ धरून एका टोकाच्या कडीच्या आतून दुसऱ्या कडीच्या आतपर्यंत मोजायचं. चढवल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडाव्यात. घोडा हसतोय असं वाटलं तर वाद्या सैल करा.

सुटी कडी हलती असते, पण ओठ चिमटू शकते. अंडाकृती पक्की कडी चिमटत नाही. नवशिक्या घोड्याला वळवायला डी आकाराची कडी बरी. लांब दांडी आणि हनुवटीखाली साखळी असलेली बिटं तरफेनं हाताचा जोर वाढवतात. ज्याचा हात अजून घोड्यावर डुगडुगतो, त्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

'घोडा आवरत नाही, कडक बिट द्या' हे मी दर महिन्याला ऐकतो. आधी डॉक्टरांकडून दात तपासून घ्या. काही घोड्यांना दाढेच्या पुढं वुल्फ टूथ नावाचा बारका दात असतो, त्यावर बिट आपटलं की घोडा उधळू शकतो. दाढांच्या धारा गालाला कापत असतील तरी तेच. खोगीर पाठीला लागतंय का, हेही बघा. दुखण्यापासून पळणाऱ्याला आणखी दुखवून तो थांबेल कसा?

धातू स्टेनलेस स्टीलचा घ्या. स्वस्त मुलाम्याचे पोपडे निघतात. नख फिरवून बघा. पहिले दहा दिवस रोज बिट काढल्यावर ओठांचे कोपरे आणि जीभ तपासा.

डिसेंबरात पहाटे मांजरीला बिट बर्फासारखं गार पडतं. मी कोमट पाण्याच्या बादलीत बुडवतो. मामा ते काखेत धरून तबेल्यात एक फेरी मारतात, आणि घोडी त्यांच्याकडूनच चटकन तोंड उघडून घेते.