कंपवातात तोल सावरायचा आणि मनाला उभारी द्यायची, तर आधी वळायला शिका

कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) माणसाला पडायची धास्ती बसली की आधी बाजार सुटतो, मग शेजार, मग अंगणसुद्धा. बसून बसून पाय दुबळे होतात आणि मन खचत जातं. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणून सांगू नका. नैराश्य आणि चिंता हा या आजाराचाच भाग आहे. पायांवरचा भरवसा परत आला की धास्ती कमी होते, म्हणून सुरुवात पायांपासून करायची.

वेळ ठरवा ती लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरच्या नेहमीच्या औषधाची, गोळी घेतल्यावर पाऊण ते एक तासाने. सकाळी उठल्याउठल्या, गोळीआधी व्यायाम करून घेणं म्हणजे रोज अपयश पदरात टाकणं. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जागा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. पायात बूट किंवा मागून पट्टा असलेली चप्पल, पायपुसणी उचललेली, शेजारी एक माणूस उभा.

खुर्चीतून आठ वेळा उठबस, ओटा धरून दहा वेळा टाचा उचलणं, दहा वेळा या पायावरून त्या पायावर वजन नेणं. एवढं सहज जमतं.

खरं अवघड आहे ते वळणं. सरळ नीट चालणारा माणूस न्हाणीघराच्या दारात वळायला जातो, धड फिरतं आणि पाय फरशीला चिकटल्यासारखे जागीच राहतात. पडतात ते इथे.

जमिनीवर घड्याळाची तबकडी आहे असं धरा. तोंड बाराकडे. उजवीकडे वळायचं तर आधी सगळं वजन डाव्या पायावर घ्या, उजवा पाय चांगला उचलून तीनच्या दिशेला ठेवा, डावा त्याच्या शेजारी आणा. मग तसंच सहापर्यंत. पूर्ण मागे फिरायला निदान चार पावलं लागली पाहिजेत. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, ओट्याला हात ठेवून. एका पायावर गर्रकन फिरणं कायमचं बंद. मोकळ्या जागेत तर प्रदक्षिणा घालतात तसा मोठा वळसाच घ्यावा.

पाय चिकटलाच तर थांबा. ताठ उभं राहा, श्वास सोडा, दोन्ही बाजूंना हलकेच डुला आणि मग एकच मोठं पाऊल, टाच आधी टेकवून. नाशिकला पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत उंबऱ्यापाशी हमखास अडतं. तिथे उंबऱ्याच्या अलीकडे पावला-पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा. आपोआप न उठणारं पाऊल पट्टी ओलांडायला मात्र उठतं. तालही असाच कामी येतो. निवृत्तिनाथांच्या दिंडीत चाललेल्याला ‘ज्ञानोबा-तुकाराम’ टाळीवर म्हणायला लावा, ती लय अंगातच असते.

घरच्यांनी हात धरून ओढायचं नाही. ओढलं की अंग पुढे येतं आणि पाय मागेच राहतात. ‘चला, आटपा’ही नको आणि मागून हाकही नको. घाई आणि धास्ती वाढली की पाय आणखी चिकटतात.

वळणं घरात पक्कं झालं की सोबत घेऊन गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जा, गर्दी ओसरल्यावर, आणि नाशिकच्या जानेवारीत ऊन अंगावर आल्यावरच. थंडीत अंग जास्त आखडतं. चालताना गप्पा नकोत, बोलायचं तर थांबून बोला. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या सरावासाठी नाहीत.

‘आज इच्छा नाही’ हे रोज ऐकायला मिळेल. तो आळस नव्हे, उत्साह आटणं हेही आजाराचंच लक्षण. म्हणून इच्छेची वाट न पाहता ठरलेल्या वेळी वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. चेहऱ्यावर आनंद दिसेलच असं नाही, या आजारात चेहरा ताठरतो. त्यापेक्षा वहीत लिहा: ‘देवघरापर्यंत सोबतीशिवाय’, ‘शेजारच्या हळदीकुंकवाला स्वतःहून निघाल्या’. मनातला फरक आधी तिथे दिसतो.

झोप उडाली, जेवण तुटलं, ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणं सुरू झालं, तर व्यायाम वाढवत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.