बोल्ट काढून स्टड बसवताय? या चुका टाळा

धो धो पाऊस, हातखंब्याच्या पुढे रस्त्याकडेचा तांबडा चिखल, आणि दोन्ही हातांनी स्टेपनी उचलून धरून रिमचं भोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, भोकाशी जुळवण्याची धडपड. पोलो, ऑक्टेव्हियासारख्या, म्हणजे चाक हबमध्ये बोल्ट घालून आवळायच्या गाड्या चालवणाऱ्यांना हा प्रसंग सांगायला नको. हबला स्टड, म्हणजे बाहेर डोकावणारे आट्यांचे पक्के दांडे, असले की चाक त्यांवर अडकवायचं आणि नट फिरवायचे, एवढंच काम. शिवाय दरवेळी चाक काढताना झीज होते ती स्टडची, हबच्या आट्यांची नाही. स्टड खराब झाला तर एकच बदलता येतो. हबचे आटे मेले तर बहुधा हबच बदलावा लागतो. म्हणून मी स्टड बसवून घेतले, आणि पहिल्याच महिन्यात चांगलाच घाबरलो.

पुढच्या डाव्या चाकातून गाडी हळू असताना टकटक यायची. पाना लावून पाहिला तर पाचही नट घट्ट, तसूभर हलत नव्हते. जॅकवर गाडी चढवून चाक हाताने हलवलं, तर ते हललं! नट बंद टोपणाचे होते आणि स्टड गरजेपेक्षा लांब. नट रिमवर दाबून बसण्याआधीच स्टडचं टोक टोपणाच्या तळाला टेकत होतं. पान्याला लागलेला घट्टपणा त्या टेकण्याचा होता. चाकावर दाब जवळजवळ नव्हताच.

ही चूक पकडायची सोपी रीत आहे. चाक न लावता नट स्टडवर हाताने फिरवा आणि किती फेऱ्यांनी तो टेकतो ते मोजा. मग चाक लावून मोजा. चाक असताना फेरे दोन-तीन तरी कमी भरले पाहिजेत. सारखेच भरले तर गाडी बाहेर काढू नका. मी आता आरपार भोकाचे नट वापरतो आणि वरून प्लास्टिकची टोपी घालतो. स्टडचं टोक डोळ्यांना दिसतं, यासारखी खात्री नाही. उलट बाजूची चूकही तेवढीच वाईट: स्टड आखूड असेल तर मोजकेच आटे धरतात. नटच्या आत निदान स्टडच्या जाडीइतके आटे जायला हवेत, म्हणजे १४ मिमीच्या स्टडला १४ मिमी, साधारण नऊ फेरे.

हबच्या बाजूची लांबी मोजायला जुना बोल्टच वापरा. तो रिममध्ये घाला, मागून किती बाहेर येतो ते मोजा. स्टडचा हबमधला भाग त्याहून लांब नको. पोलोच्या मागच्या चाकांना ड्रम आहेत; लांब स्टड आत जाऊन ब्रेकच्या भागांना घासू शकतो. स्टड लावल्यावर चाक चढवण्याआधी ड्रम हाताने फिरवा आणि कान देऊन ऐका.

आता बैठक, म्हणजे बोल्ट किंवा नट रिमवर जिथे टेकतो त्या भागाचा आकार. फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोलसर बैठकीचा बोल्ट लागतो. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना ६० अंशांची शंकूची बैठक असते, आणि दुकानात सहज मिळणारे नटही शंकूचेच असतात. गोल खळगीत शंकूचा नट आवळला तर तो बारीकशा कडेवर टेकतो. सुरुवातीला घट्ट लागतो, पुढे ती कड दबली की सैल पडतो. आट्यांचंही तसंच. पोलोला १४ मिमी जाडी आणि १.५ मिमी अंतराचे आटे, तर फियाटच्या पुंटोला १२ आणि १.२५. चुकीचा नट दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पान्याचा जोर लावू नका. पहिले पाच-सहा फेरे बोटांनीच गेले पाहिजेत.

आपल्या कोकणातली खास चूक म्हणजे तेल. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून कोयतीला खोबरेल लावतो तसं स्टडलाही तेल किंवा ग्रीस फासलं जातं. हेतू चांगला आहे, पण इथे घात होतो. कोरडा नट आवळताना आपल्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो; उरलेल्या दहा टक्क्यांनी स्टड ताणला जाऊन चाक दाबून धरतो. तेलाने घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो आणि कधीतरी मोडतो. गंज तारेच्या ब्रशने काढा, कपड्याने पुसा, कोरडंच लावा. ग्रीस लावायचंच तर हबच्या मधल्या उंचवट्यावर, बोट फिरवण्याइतकं.

हब आणि रिम जिथे चिकटून बसतात तो भाग मात्र चकचकीत हवा. गंजाचा पापुद्रा किंवा सुकलेली जांभ्याची माती मध्ये राहिली तर चार दिवसांत ती चुरडते आणि आवळलेला नट आपोआप सैल होतो. म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. पोलोला १२० न्यूटन मीटर. इतर गाड्यांना त्यांच्या पुस्तिकेतला आकडा. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका, पंक्चरवाले दादा कितीही ओळखीचे असले तरी.

नट काढताना स्टडच बाहेर आला, तर स्टड हबमध्ये पक्का धरून ठेवणारं, बसवताना आट्यांना लावलेलं लॉकिंग द्रव सुटलंय. साधं द्रव १५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि कुंभार्ली घाट उतरताना पुढचे ब्रेक किती तापतात ते वासावरूनच कळतं. जास्त उष्णता सोसणारं घ्या, आटे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे करा, आणि २४ तास गाडी हलवू नका. स्टड हबमध्ये चाकाइतका करकचून आवळायचा नसतो. पाकिटावर दिलेला आकडा त्याहून बराच कमी असतो.

स्टेपनी तर सगळेच विसरतात. चाकं अलॉयची आणि स्टेपनी पत्र्याची असेल तर तिला वेगळ्या बैठकीचे नट लागू शकतात. पाचांचा संच डिकीतच ठेवा. गाडीसोबतचा पाना १७ चा असतो आणि नवे नट बहुधा १९ चे, तेव्हा तो पानाही. जुने बोल्ट फेकू नका. रस्त्यात स्टड मोडला आणि तुकडा हबमधून निघाला, तर त्या जागी बोल्ट लावून घरी पोचता येतं, मात्र त्या रिमच्या बैठकीचाच.