फरशी न तडकता भोक पाडायचं असेल तर

सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, पण बाथरूममध्ये त्यासाठी दांडी लावायची म्हटलं की टाइल तडकायची भीती वाटते. टाइल फुटते ती बहुतेकदा ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, चालू राहिल्यामुळे. तो आधी बंद करा. टाइलच्या आरपार जाऊन मागची वीट लागली, की मगच बिट (ड्रिलचं पातं) बदलून विटेचा लावा आणि हॅमर चालू करा.

साध्या सिरॅमिकला भाल्याच्या टोकाचा कार्बाइड बिट पुरतो. विट्रिफाइड (जास्त कडक, काचेसारख्या घट्ट) टाइल आणि काचेला मात्र डायमंड बिटच घ्या, तिथे काटकसर नको. या पोकळ बिटला टोक नसतं, त्यामुळे सरळ टेकवला की तो घसरतो. आधी तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. वेग कमी, दाब हलका.

पाणी हवंच, कोरडा बिट तापून लगेच मरतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, पण इथे स्प्रेच्या बाटलीतलं वाटीभर पाणी पुरतं. आडव्या काचेवर कणकेचं आळं करून त्यात पाणी ठेवा. काचेखाली सपाट लाकूड हवं, आणि शेवटचा मिलिमीटर अगदी सावकाश. टवका तिथेच उडतो. वायरचं ड्रिल असेल तर मोटरवर थेंबही जाऊ देऊ नका, बॅटरीचं असेल तर उत्तम. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला भोक पाडायला जाऊच नका, तिचा क्षणात चुरा होतो. आणि नळाच्या किंवा स्विचच्या सरळ रेषेत, वर-खाली, ड्रिल लावू नका.