अळीवरून डासाची प्रजाती कशी ओळखावी

डासांच्या अभ्यासाची सुरुवात पाण्यापासून करावी. पिंप, हौद किंवा डबके यांवर आपली सावली पडली की अळ्या झटकन तळाशी जातात. म्हणून सूर्याकडे तोंड करून थोडे थांबावे आणि लांब दांड्याचा पांढरा डाव तिरका धरून काठालगतचे पाणी अलगद घ्यावे.

डावातल्या अळ्या कशा राहतात, हे आधी पाहावे. अॅनोफिलीसच्या अळीला श्वसननलिका नसल्यामुळे ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, तर क्युलेक्स आणि एडिस यांच्या अळ्या शेपटाकडील नलिका पृष्ठभागाला टेकवून डोके खाली करून लोंबकळतात. क्युलेक्सची नलिका लांब व सडपातळ, एडिसची आखूड व जाड असते. एवढ्यावर डासाचा वंश, म्हणजे तो अॅनोफिलीस, क्युलेक्स की एडिस, हे कळते. प्रजाती ठरवण्यासाठी वाढीच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतील अळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, किंवा काही अळ्या त्याच पाण्यात, जाळी लावलेल्या बरणीत वाढवून प्रौढ डास मिळवावेत. माझ्या मते दुसरा मार्ग नवख्यासाठी अधिक खात्रीचा आहे. एडिस इजिप्तीच्या पाठीवर वीणेसारखी पांढरी आकृती असते, एडिस अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ.

पाणी कोठले होते, याची नोंद तिथल्या तिथे करावी. अॅनोफिलीस स्टीफेन्सी शहरांतील टाक्या व विहिरींत वाढतो, क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस गटारांच्या घाण पाण्यात. ठिकाणाची नोंद नसलेल्या नमुन्यावरून परिसंस्थेविषयी काहीही सांगता येत नाही. नमुने 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.