परदेशात पहिल्यांदा जाताय? आधी एवढं बघून घ्या

सगळ्यात आधी पासपोर्टची एक्सपायरी बघा, तिकीट नंतर. बरेच देश निदान ६ महिने व्हॅलिडिटी शिल्लक मागतात आणि २ पानं कोरी लागतात, नाहीतर एअरपोर्टवरच परत पाठवतात. शेंगेनला, म्हणजे एकच कॉमन व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत जाणार असाल तर ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स पण लागतो.

आता पैशांचं. दुकानात कार्ड दिलं की मशीनवर विचारतात, तिथल्या करन्सीत की तुमच्या? आपल्या करन्सीत आकडा दिसला की बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं, मी पण पहिल्या ट्रिपला तेच केलं, पण त्यात रेट वाईट लावलेला असतो, म्हणून कायम तिथलीच करन्सी निवडा, एटीएमवर पण. आणि कार्डावर इंटरनॅशनल वापर चालू आहे ना ते निघायच्या आधीच अ‍ॅपमध्ये बघा, तिकडे ओटीपी यायची बोंब असते.

पॉवरबँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही, साधारण १०० वॅट-अवरपर्यंत म्हणजे २७,००० एमएएचच्या आतला असेल तर सहसा कोणी अडवत नाही. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा, टॅक्सीवाल्याला नुसता फोन दाखवला की झालं.