उकाड्यात केकवरचं क्रीम टिकवायचं तर

मे महिन्यात सगळी भावंडं घरी जमली की केकची फर्माईश ठरलेली, आणि नेमकं तेव्हाच आयसिंग ओघळतं. बहुतेक वेळा चूक फेटण्यात नसते, क्रीमच्या निवडीत असते. भाजीत घालायचं पाकिटातलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटचं. ते कितीही फेटा, उभं राहत नाही. निदान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के फॅटचं व्हिपिंग क्रीम हवं. भर उन्हाळ्यात मात्र नॉन-डेअरी, म्हणजे दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेलं व्हिपिंग क्रीमच बरं. चवीला उणं असेल, पण टिकतं. ते आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. फेटायला घेताना त्यात बर्फाचे थोडे कण राहिले तर उत्तमच. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा.

थांबायचं कधी? पातं उचललं की क्रीमचं टोक उभं राहावं, शेंडा किंचित वाकावा. पुढे फेटत राहिलात तर क्रीम रवाळ होतं; दुधाचं असेल तर लोणीच सुटतं.

केक पूर्ण गार झालेला हवा, कोमटही चालत नाही. आधी क्रीमचा पातळ थर देऊन केकचा सुटा चुरा त्यात बसवा, वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग वरचा जाड थर.

कुकीजवर क्रीम नकोच. आयसिंग शुगरमध्ये थेंब-थेंब लिंबाचा रस घालून घट्टसर लेप करा, छान वाळतो. मुलांना कामाला लावायचं तर हे द्या.